पेंटरकाकांची शेपटी

"दार कुठं आहे?"

पाटी रंगवून मागायला कुणीही आलं की पेंटरकाकांचा पहिला प्रश्न हाच. दुकानाचं नाव काय, धंदा कशाचा, रंग कोणता हवा, हे सगळं नंतर. कापडवाला असो, केळीचा आडत्या असो, नाहीतर नवा दवाखाना थाटणारा डॉक्टर असो, काका मान वर न करता विचारायचे, "दार कुठं आहे?" समोरचा गोंधळायचा. म्हणायचा, "दुकानाला जिथं असतं तिथंच आहे की." मग काका सायकलचं स्टँड काढायचे आणि म्हणायचे, "चलो, दाखवा."

तिथं पोचल्यावर दुकानाकडे ढुंकूनही न बघता आधी समोरची चहाची टपरी गाठायची. एक कट चाय मागवायचा आणि बाकड्यावर बसून त्या दुकानाकडे तासभर टक लावून बघायचं. लोक कुठून येतात, कुठं थबकतात, कुठल्या बाजूनं आत शिरतात, सगळं टिपून घ्यायचं. चहाचे पैसे अर्थातच पाटीवाल्याच्या माथी. साऱ्या बुऱ्हाणपुरात त्यांची नक्कल व्हायची. लग्नाच्या पंगतीत कुणी तरी डोळे बारीक करून "दार कुठं आहे?" म्हटलं की हशा पिकायचा. नकला करणाऱ्यांत मीही होते, आणि चांगल्यापैकी करायचे. मला आपलं वाटायचं, म्हाताऱ्याची फुकटच्या चहाची युक्ती आहे.

पण अक्षर! अहो, काय अक्षर होतं! मी आयुष्यभर अक्षरांचाच धंदा केलाय, हजारो फॉन्ट बघितलेत, तरी त्या अक्षराबद्दल बोलायला लागले की आजही माझा आवाज चढतो. वरची रेघ ते कधी पट्टी लावून मारत नसत. एका दमात, चालत चालत ओढायचे, आणि ती किंचित लहरत जायची. अक्षरांची पोटं गोल, गुबगुबीत. आणि शेवटच्या अक्षराच्या पायातून निघायची ती सुप्रसिद्ध शेपटी. लांबलचक, मध्ये जाड होणारी, टोकाला पुन्हा बारीक होऊन एक वेटोळं घेणारी. त्या वेटोळ्याला काका 'जलेबी' म्हणायचे. गावातले लोक सगळ्या प्रकाराला 'पेंटर की पूँछ' म्हणायचे. केळी भरून दिल्लीकडे जाणाऱ्या ट्रकवर ती शेपटी असायची, लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यांवर असायची, मिठाईच्या दुकानांवर असायची. हल्ली पोरं मोबाइलवर ज्याला 'रेट्रो' म्हणून माना डोलावतात ना, ते सगळं आमच्या गावात भिंतीभिंतीवर फुकट होतं.

काकांचा पायजमा पांढराशुभ्र. त्यावर रंगाचा एक थेंब मी कधी पाहिला नाही. कानामागे खारीच्या केसांचा बारीक ब्रश. सायकलवरून जाताना आपली पाटी दिसली की उतरायचे, खांद्यावरच्या पंच्यानं पुसायचे आणि लहान मुलाला दटावावं तसं अक्षराला दटावायचे, "सीधा खडा रह." एकदा एका मिठाईवाल्यानं लिंबू-मिरची टांगायला खिळा ठोकला तो नेमका 'म'च्या पोटात. काका आत शिरले, गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाले, "तुमच्या पोटात ठोकू का एक?" मिठाईवाल्यानं खिळा काढला, वर मावा जलेबी खाऊ घातली. काकांनी जलेबी खाल्ली, खिळ्याच्या भोकात पुट्टी भरली, मग गेले.

माझी आणि त्यांची पहिली भेट म्हणजे सरळ सरळ शत्रूंची भेट होती. मी कागद कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली. वडील खानदेशातून तिथं नोकरीला आलेले. लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आले आणि नवऱ्याबरोबर शनवाऱ्याजवळ फ्लेक्स छापायचं दुकान काढलं. सकाळी फोटो द्या, संध्याकाळी पाटी न्या. कोण थांबणार काकांच्या चहासाठी? दुकान उघडलं त्याच दिवशी समोरच्या टपरीवर एक पांढरा पायजमा येऊन बसला. चहा संपवून रस्ता ओलांडून आला.

"मशीनवाली बाई, तुझ्या दुकानाचं दार कुठं आहे?"

"हे काय, तुमच्या समोर," मी म्हटलं.

"मले दिसतं. तुझ्या पाटीले माहीत आहे का?"

एवढं बोलून निघून गेले. मी नवऱ्याकडे बघितलं आणि कपाळाजवळ बोट फिरवलं. ते वाक्य मी त्याच वेळी नीट ऐकलं असतं तर पुढची सगळी फजिती टळली असती. पण मी स्वतःला फार हुशार समजत होते.

बघता बघता गावावर आमचे फ्लेक्स चढले. काकांच्या पाट्या काढायचीसुद्धा कुणी तसदी घेतली नाही. त्यांच्यावरच आमची माणसं खिळे ठोकून फ्लेक्स ताणायची. काकांचं काम आटलं. पण दुकानात येऊन मला टोचायचं काम त्यांनी सोडलं नाही. "तुझ्या मशीनले थकवा येत नाई," ते म्हणायचे, "म्हणून तिले अक्षर बी येत नाई." मी चहा मागवायची. भांडता भांडता सवय झाली, आणि सवयीचं प्रेम कधी झालं ते कळलं नाही. चार दिवस आले नाहीत तर मीच राजपुऱ्यात त्यांच्या घरी जायची.

घर म्हणजे अरुंद गल्लीतली एक लांब भिंत आणि तिला शेजारी शेजारी दोन सारखी हिरवी दारं. डावं काकांचं, उजवं शेजारच्या लूमवाल्याचं. मी पहिल्यांदा गेले ती थेट लूमवाल्याच्या घरात शिरले. लूमच्या खडखडाटात कुणी तरी ओरडून सांगितलं, "पेंटर बाजू में!" पोस्टमन, गॅसवाला, सोयरे, सगळ्यांचं हेच व्हायचं. काकूंनी उभा जन्म एकच मागणं मागितलं होतं, "आपल्या घराले एक पाटी लावा." काका म्हणायचे, "दुसऱ्याच्या पाट्यांतून टाइम कुठं आहे?" काम आटल्यावर टाइम झाला, पण तोवर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. काकू मला म्हणाल्या, "सगळ्या गावाले रस्ता दाखवला यानं, माझ्या घरी पाव्हणा येतो तो शेजाऱ्याच्या घरून चहा पिऊन येतो."

त्यांच्या तऱ्हेवाईकपणाची सगळ्यात गाजलेली गोष्ट शाहपूरची. तिथल्या एका केळीच्या व्यापाऱ्यानं नवी पेढी बांधली. काकांनी आठ दिवस आधी पाटी रंगवून दिली. उद्घाटनाच्या सकाळी मांडव, वाजंत्री, भटजी, सगळे हजर. मीही होते, कारण स्वागताचा फ्लेक्स आमचा होता. काका सायकलवरून आले, पेढीकडे बघितलं आणि शिडी मागितली. वर चढून रॉकेलच्या फडक्यानं पाटीवरचं शेवटचं अक्षर पुसायलाच लागले! शेठ खालून ओरडतोय, "अहो, मुहूर्त चाललाय!" काका म्हणतात, "मुहूर्त थांबन. पाटी फेल आहे." त्यांच्या कोशात दोनच शेरे होते, पास आणि फेल. पाऊण तास मंडळी उन्हात उभी. नवीन अक्षर, नवीन शेपटी, आणि शेठच्या कोऱ्या रेशमी सदऱ्यावर लाल रंगाचा एक ओघळ. पाटी आम्हाला पहिल्याइतकीच छान दिसत होती, दुसऱ्यांदाही. काम आधीच लांबलं म्हणून शेठ गवंड्यावर घसरला, गवंडी वास्तूवाल्यावर घसरला, कारण त्याच्या सांगण्यावरून ऐन वेळी शटरसुद्धा एका टोकाचं दुसऱ्या टोकाला न्यावं लागलं होतं. सगळ्यांनी मिळून ठरवलं की पेंटरचं डोकं फिरलंय.

हाताची थरथर वाढली तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. हा माणूस गेला की हे अक्षर गेलं. आणि ते झाकायला खिळे ठोकणारी कोण? मी! माझ्या डोक्यानं घेतलं की काकांच्या अक्षराचा फॉन्ट करायचा. पुण्यात माझ्या ओळखीची फॉन्ट करणारी मंडळी होती, ती म्हणाली, "पाठवा, असा रेट्रो डिस्प्ले फॉन्ट लोक शोधत असतात." मी उड्या मारत राजपुऱ्यात.

"रेट्रो मतलब?" काकांनी विचारलं.

"जुन्यासारखं दिसणारं नवीन."

"आन् मी?"

"तुम्ही जुनेच, काका."

"मंग बराबर," म्हणाले, आणि खूश झाले. पण अटी घातल्या. फॉन्टला त्यांचं नाव द्यायचं नाही, कारण त्यांनी कधी पाटीवर सही केली नव्हती. आणि ते 'पास' म्हणतील तेव्हाच फॉन्ट गावाबाहेर जाणार. मी कबूल केलं. मनातून ठरवलंच होतं, ह्या माणसाचा पास नसेल तर सगळं काम पुसून टाकायचं.

मग सुरू झाली माझी वरात. पुढे मी, मागे शिडी घेतलेला नवरा. काकांच्या पाट्या आमच्याच फ्लेक्सखाली होत्या, तेव्हा ते आमच्याच हातांनी उतरवायचे होते. दुकानदार विचारायचे, "मॅडम, आपही ने लगाया, आपही निकालते?" फ्लेक्स खाली यायचा आणि आतून एकदम लाल-पिवळं अक्षर हसायचं! प्रत्येक वेळी मी टाळ्या पिटायची. शाहपूर झालं, धूलकोट झालं, ट्रकवाल्यांना ढाब्यावर गाठून झालं. फोटो काढायचे, आणि अक्षराच्या कडेकडेनं कापून घ्यायचे. भिंत नको, दुकान नको, फक्त अक्षर.

एकच गोष्ट खटकत होती. शेपटी कधी उजवीकडे जायची, कधी डावीकडे. एकाच ट्रकच्या दोन बाजूंना दोन दिशांना! मला वाटलं, लहर आली तशी फिरवली असेल. फॉन्टमध्ये असा अंदाधुंद कारभार चालत नाही. मी एक एक शेपटी धरून उजवीकडे वळवली. सगळं कसं शिस्तीत. मला माझं फार कौतुक वाटलं.

'राजपुरा' हा शब्द सहा फूट लांब छापून मी दुकानाबाहेर टांगला आणि काकांना निरोप धाडला. ते आले. रस्त्यापलीकडे बसले. चहा झाला, दुसरा झाला. मी काउंटरमागे नखं खात होते. शेवटी उठून आले.

"अक्षर माझंच आहे," म्हणाले. "गोलाई बराबर. जलेबी बी बराबर."

मी नाचायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "दार कुठं आहे?"

"कुठलं दार, काका? हा नमुना आहे. दुकान नाही."

"मंग शेपटी कुठं चालली?"

"उजवीकडे."

"काहून?"

काकांनी माठातलं पाणी घेतलं, पेला उपडा ठेवला. "फेल," म्हणाले आणि गेले.

मला रडू फुटलं. खोटं कशाला सांगू, रागही आला. तीन महिन्यांचं काम, आणि म्हातारा दार दार करतोय! दुसऱ्या दिवशी दुपारी चिडचिडत बसले होते. मूळचे, न कापलेले फोटो फोनमध्ये होतेच. ते उगाच उघडून बघायला लागले. धान्याचं दुकान, शेपटी डावीकडे, दार डाव्या टोकाला. चपलांचं दुकान, शेपटी उजवीकडे, दार उजव्या टोकाला. माझा हात थांबला. पुढचा फोटो. पुढचा. ट्रक! ट्रकच्या दोन्ही बाजूंच्या शेपट्या पुढे, केबिनच्या दाराकडे! जिथं दार मधोमध, तिथं शेपटी आत वळून शब्दाच्या पोटाखाली थांबलेली! मी अशी किंचाळले की मशीनचा शॉक बसला समजून नवऱ्यानं मेन स्विचच बंद केला. निम्मं छापलेलं कुणाचं तरी वाढदिवसाचं अभिनंदन तिथंच अडकून राहिलं.

सगळं जुळत होतं, एक फोटो सोडून. औषधाच्या एका दुकानाची शेपटी डावीकडे, आणि डावीकडे नुसती भिंत. मी स्कूटर काढली आणि तशीच इतवाऱ्यात गेले. दुकानदाराला म्हटलं, "या बाजूला दार का नाही?" तो म्हणाला, "था ना. पिताजी के टाइम में. बाद में बंद किया." भिंतीला हात लावून बघितलं, तर चुन्याखाली बुजवलेल्या चौकटीची कड बोटांना लागली. मी भर बाजारात त्या भिंतीला मिठी मारली! माणसं बघत होती, बघू देत. शाहपूरचा तो मुहूर्तही मला आत्ता उमगला. शटर जागचं हललं होतं, आणि काकांची शेपटी गिऱ्हाइकाला भिंतीवर नेऊन आदळत होती.

तशीच राजपुऱ्यात गेले. "काका, तुम्ही सांगितलं का नाही आधी?"

"मी तं पहिल्या दिवसापासून तुले विचारून राहिलो," ते शांतपणे म्हणाले, "दार कुठं आहे, दार कुठं आहे." मग जवळ बसवून म्हणाले, "माणूस पाटी वाचते आन् उभा राहते. वाचून झालं, आता पाय कुठं टाकायचा? ते अक्षरानं सांगितलं पायजे बेटा. गिऱ्हाईक आत गेलं तं पाटी पास."

बेटा! तोवर मी 'मशीनवाली बाई' होते. मी त्यांना वाकून नमस्कारच केला.

आता काका नाहीत, वर्ष होत आलं. फॉन्ट मात्र मजेत हिंडतोय. त्यात प्रत्येक शेपटी तीन तऱ्हांची आहे, डावी, उजवी आणि पोटाखालची, आणि ज्यानं त्यानं आपलं दार बघून निवडायची आहे. गेल्या महिन्यात पुण्यात एका कॅफेवर काकांचं अक्षर दिसलं. आनंदानं ओरडणार, तोच बघितलं, शेपटी उजवीकडे आणि दार डावीकडे! आत गेले, मॅनेजरला बाहेर आणलं, हात धरून रस्त्यापलीकडे नेऊन उभं केलं आणि विचारलं, "तुमचं दार कुठं आहे?" बिचारा घाबरला. पण चार दिवसांनी त्यानं फोटो पाठवला, शेपटी वळवलेली. त्या दिवशी मला काकांची इतकी आठवण आली की दुकान बंद करून घरी गेले.

पण तो फॉन्ट पास कसा झाला, ते राहिलंच. तिन्ही शेपट्या तयार करून मी कागद नेला, तर काकांनी हातसुद्धा लावला नाही. "कागदाले दार असते का? पाटी लाव. मंग पाहू."

कुणाची पाटी लावायची, हे मला विचार न करताच कळलं. काकूंना स्वयंपाकघरात गाठून बेत केला. फ्लेक्स नाही, पत्रा. त्यावर फॉन्टमधली अक्षरं उतरवली आणि रंग मी स्वतः ब्रशनं भरला. काकांचाच खारीच्या केसांचा ब्रश, काकूंनी चोरून दिलेला. त्यांचं नाव घालणं म्हणजे सहीच झाली असती, म्हणून एकच शब्द: पेंटर. काका सकाळी तापीवर राजघाटाला फिरायला जायचे, तेवढ्या वेळात दोन हिरव्या दारांच्या मधोमध, भिंतीवर आम्ही तो पत्रा चढवला. 'र'च्या पायातून निघालेली शेपटी अख्ख्या शब्दाखालून डावीकडे धावत होती आणि जलेबी बरोबर काकांच्या चौकटीपाशी. शिडी काढतोय तोच गल्लीच्या तोंडाशी पांढरा पायजमा दिसला.

काका थांबले. समोरच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. गल्लीत टपरी नाही, म्हणून काकूंनी आतून चहा आणून दिला. त्यांनी तो उभ्यानं, एक एक घोट घेत प्यायला. लूमवाला बाहेर येऊन बघायला लागला. फेल म्हणाले तर तीन महिने गेले, आणि काकूंची पाटी पुन्हा गेली.

काकांनी कप काकूंच्या हातात दिला. भिंतीजवळ आले. थरथरणारं बोट 'र'च्या पायावर टेकवलं आणि शेपटीवरून हळूहळू फिरवायला लागले. बोट पुढे, मागून पाय. एक पाऊल, दुसरं पाऊल, शब्दाच्या खालून, जाडी कमी होत आली तिथं जरासे थबकले, मग जलेबीला वळसा. वळसा संपला तेव्हा हात दारावर होता. काकांनी दार ढकललं आणि मागे न बघता आत निघून गेले.

आम्ही सगळे बाहेर तसेच. पास की फेल, काहीच नाही! काकू पदरानं डोळे पुसत होत्या. मला राहवेना. गल्लीतूनच ओरडले, "काका, पास का?"

आतून आवाज आला, "बाहेर उभी राहून काय विचारून राहिली? दार इकडं आहे ना!"